हजेरीपट तुमच्या हातात आहे

परभणी जिल्ह्यातील कनिष्ठ आणि वरिष्ठ महाविद्यालयांच्या सर्व प्राचार्यांस,



आपल्या जिल्ह्यातली बहुतेक मुलं दहावी पास होतात तेव्हा त्यांना स्वतःच्या समाजाबाहेरचा एकही जवळचा मित्र नसतो. यात त्यांचा काही दोष नाही. घर, गल्ली आणि शाळा त्यांच्यासाठी मोठ्यांनी निवडलेली असते. पण हीच मुलं पाच-सहा वर्षांनी पदवी घेऊन बाहेर पडतात, तेव्हाही अनेकांची गत तीच असते. ही मधली वर्षं तुमच्या हाताखाली जातात. म्हणून हे पत्र मी पालकमंत्र्यांना किंवा जिल्हाधिकाऱ्यांना लिहिलं नाही, तुम्हाला लिहितो आहे.

मी परभणीचा, चाऊस घरातला. आमचे पूर्वज येमेनमधल्या हद्रमौतहून निजामाच्या चाकरीला आले. हैदराबाद संस्थानात अरबांच्या पलटणी होत्या आणि खजिन्यांवर, वाड्यांवर त्यांचे पहारे असत. सप्टेंबर १९४८ मध्ये संस्थान भारतात विलीन झालं, पलटणी मोडल्या, काही अरबांची परत पाठवणी झाली. जे राहिले ते मराठवाड्याच्या गावोगावी मिळेल त्या कामाला लागले. माझं लहानपण घरात दखनी, मक्तबमध्ये अरबी, शाळेत उर्दू आणि बाजारात मराठी अशा चार भाषांत गेलं. मराठी वाचता यायची, कारण उर्दू माध्यमालाही ‘मराठी सुलभभारती’ असतंच. पण त्या भाषेत भांडावं, रुसावं, मनातलं काही सांगावं असं माणूस मला अकरावीपर्यंत भेटलं नव्हतं.

आणि हे फक्त आमच्या गल्लीचं नाही. जिल्ह्यात सुमारे सहांत एक माणूस मुस्लिम आहे आणि दहांत एक बौद्ध. इतकी सरमिसळ असलेल्या जिल्ह्यात मुलं मात्र वेगवेगळ्या वाटांनी मोठी होतात. उर्दू माध्यमाची शाळा एका मोहल्ल्यात, जिल्हा परिषदेची मराठी शाळा गावात, आणि ज्यांना परवडतं त्यांची पिवळी बस इंग्रजी माध्यमाकडे. खेड्यात शाळा एक असली तरी वस्त्या वेगळ्या, आणि शाळा सुटल्यावर जो तो आपल्या वस्तीत. वाढदिवसाला घरी येणारी, आजारपणात डबा आणणारी, परीक्षेच्या आदल्या रात्री वही मागायला येणारी मुलं सगळी आपल्यातलीच असतात.

यावर मोठी माणसं म्हणतात, की परभणीत तर सगळे गुण्यागोविंदानं राहतात. ते खोटं नाही. फेब्रुवारीत हजरत तुराबुल हक यांच्या दर्ग्याचा उरूस भरतो, तेव्हा पाळण्याच्या रांगेत कोण कुठल्या समाजाचं हे कुणी विचारत नाही. ‘बनी तो बनी, नहीं तो परभणी’ ही म्हण इथला मराठा, मारवाडी, मुसलमान, बौद्ध सगळे सारख्याच लहेजात म्हणतात. भाजीवाला एका समाजाचा, गिऱ्हाईक दुसऱ्या समाजाचं, आणि दोघांना एकमेकांच्या मुलाबाळांची नावं ठाऊक असतात. पण ही ओळख आहे. ओळख माणसाला दुकानापर्यंत नेते, मैत्री घरात नेते. गावाला दोन्ही लागतात. पहिली आपोआप होते, दुसरी आपोआप होत नाही, एवढंच मला म्हणायचं आहे.

ती नसली की काय होतं, हे आपल्या भागानं अनेकदा पाहिलं आहे. २७ जुलै १९७८ रोजी मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव देण्याचा ठराव विधिमंडळात झाला आणि मराठवाड्यातल्या दलित वस्त्यांवर हल्ले झाले, घरं जळाली. नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडावा लागला. नामांतराच्या विरोधातल्या आंदोलनात महाविद्यालयांतले विद्यार्थी पुढे होते, ही गोष्ट प्राचार्य म्हणून तुम्ही विसरू नये असं मला वाटतं. ज्यांच्या विरोधात ते घोषणा देत होते, त्यांची मुलं त्यांच्याच वर्गात बसत होती. एका छपराखाली तास ऐकल्यानं मैत्री होते, हा समज त्या वर्षी साफ खोटा ठरला.

पुढे २१ नोव्हेंबर २००३ रोजी, शुक्रवारी, परभणीच्या मोहमदिया मशिदीत बॉम्बस्फोट झाला. आणि अगदी अलीकडे, १० डिसेंबर २०२४ रोजी, रेल्वे स्टेशनजवळ बाबासाहेबांच्या पुतळ्यासमोरच्या संविधानाच्या प्रतिकृतीची नासधूस झाली. दुसऱ्या दिवशीच्या बंदला हिंसक वळण लागलं, धरपकड झाली, आणि अटकेत असलेला कायद्याचा विद्यार्थी सोमनाथ सूर्यवंशी १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत असताना मरण पावला. त्या मृत्यूचा न्याय न्यायालयातच व्हायचा आहे आणि तो व्हायलाच हवा. मैत्री वाढवा म्हणून कुणी न्यायाची मागणी मागे ठेवावी, असं मी कधीही म्हणणार नाही. उलट ज्याला दुसऱ्या समाजात जिवाचा मित्र आहे, त्यालाच त्या समाजावरचा अन्याय आपल्या अंगावर आल्यासारखा लागतो आणि तो मोर्चात दुसऱ्याच्या बाजूनं उभा राहतो.

तशा दिवसांत गावात काय चालतं हे तुम्हीही पाहिलं असेल. दुकानांची शटर खाली, रस्ते ओस, आणि मोबाइलवर एकामागून एक निरोप. अमुक चौकात असं झालं, तमुक गल्लीतून जमाव निघाला. ज्याचे सगळे मित्र एकाच समाजाचे, त्याच्याकडे येणारे निरोपही एकाच बाजूचे. ज्याचा एक मित्र पलीकडच्या गल्लीत राहतो, तो सरळ फोन लावतो आणि विचारतो, ‘तिकडं खरंच काय झालंय रे? घरचे ठीक आहेत ना?’ अफवेला तोडणारं याहून जलद साधन मला माहीत नाही. भिवंडीनं हे एकदा करून दाखवलं आहे. १९८४ च्या दंगलीत ते शहर होरपळलं होतं. पुढे पोलिस अधिकारी सुरेश खोपडे यांनी तिथे मोहल्ला कमिट्या उभारल्या. हिंदू आणि मुस्लिम अशा दोन्ही समाजांची माणसं शांततेच्या काळातही नेमानं एकत्र बसू लागली, नळाच्या, गटाराच्या, भाडेकरूंच्या तक्रारी मिळून सोडवू लागली. १९९२-९३ मध्ये शेजारची मुंबई पेटली तेव्हा भिवंडी शांत राहिली. तिथल्या माणसांचा स्वभाव आठ वर्षांत बदलला नव्हता. त्यांना एकमेकांशी काम पडू लागलं होतं.

काम पडणं, हेच खरं मूळ आहे. माझा पहिला मराठी मित्र मला कुठल्या सद्भावना मेळाव्यात मिळाला नाही. तो रसायनशास्त्राच्या प्रात्यक्षिकाला मिळाला. हजेरीपटावर इंग्रजी अक्षरांच्या क्रमानं चाऊस आडनावाला लागून चव्हाण येतं, म्हणून आम्हाला एकच टेबल, एकच ब्युरेट आणि एकच स्टँड मिळाला. एकानं तोटी सोडायची, दुसऱ्यानं फ्लास्क हलवायचा, रंग बदलला की दोघांनी एकदम ‘बस!’ म्हणायचं आणि आकडा लिहायचा. आकडा चुकला तर दोघांचा चुकायचा. पहिल्या महिन्यात आम्ही प्रयोगापलीकडे काही बोललो असू असं आठवत नाही. पण जर्नल पूर्ण करायला तो आमच्या घरी आला, मी त्यांच्या वाडीवर गेलो. त्याच्या आईनं मला ‘जेवल्याबिगर जायचं नाही’ म्हणून बसवून घेतलं. मटण-कोंबडी त्यांच्याकडे चालत नाही म्हणून त्या माउलीलाच माझ्यासमोर अवघडल्यासारखं झालं, आणि ज्वारीची भाकरी, वांग्याचं भरीत, शेंगदाण्याची चटणी वाढताना ती दोनदा म्हणाली, ‘तुमच्या घरच्यासारखं नसंल बरं का बाबा.’ त्यानंतर त्या घरात मी कधी पाहुणा राहिलो नाही.

मी नशीबवान, कारण वर्णक्रमानं मला चव्हाणांशेजारी बसवलं. पण आपल्याच महाविद्यालयाची यादी काढून पाहा. शेख आडनावाची मुलं यादीत सलग येतात आणि सगळी एका तुकडीत पडतात. जाधव सलग येतात, कांबळे सलग येतात, पठाण सलग येतात. आडनाव ही आपल्याकडे समाजाची पाटी आहे, आणि त्या पाटीप्रमाणे लावलेली यादी मुलांना शाळेतल्याच वाटेनं पुढे ढकलते. कुणी मुद्दाम करत नाही, कारकुनाच्या सोयीसाठी होतं. पण परिणाम व्हायचा तो होतोच.

याचा अभ्यासही झालेला आहे. मॅट लोव्ह या अर्थशास्त्रज्ञानं उत्तर प्रदेशात वेगवेगळ्या जातींच्या १,२६१ तरुणांना घेऊन क्रिकेटच्या स्पर्धा भरवल्या. काहींना चिठ्ठीनं मिश्र जातींच्या संघात टाकलं, काहींना आपल्याच जातीच्या संघात ठेवलं, आणि सामने लावताना कुणापुढे कोण येईल हेही ठरवून दिलं. २०२१ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. जे एका संघात मिळून खेळले, त्यांची दुसऱ्या जातीतली मैत्री वाढली. जे केवळ विरुद्ध संघातून समोरासमोर आले, त्यांच्यात फायदा दिसला नाही, काही बाबतींत उलट नुकसान झालं. त्याआधी कितीतरी वर्षं, १९५४ मध्ये, अमेरिकन मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी हेच दुसऱ्या शब्दांत मांडलं होतं. दोन गटांतली माणसं केवळ भेटल्यानं पूर्वग्रह जात नाहीत. दोघांचा दर्जा बरोबरीचा हवा, उद्दिष्ट एक हवं, ते गाठायला एकमेकांची मदत लागावी, आणि वर बसलेल्या माणसाचा त्याला उघड पाठिंबा हवा. चौथी अट वाचली की मला प्राचार्यांची खुर्ची दिसते.

आता आपल्या गावांकडे पाहा. इथे समाजासमाजांच्या नावानं क्रिकेट स्पर्धा होतात, समाजाचे संघ उतरतात. मुंबईत हा प्रकार एके काळी फार मोठ्या प्रमाणावर चालला होता. हिंदू, मुस्लिम, पारशी, युरोपियन आणि उरलेले असे धर्मवार संघ पंचरंगी सामन्यांत खेळत. गांधीजींनी त्याला विरोध केला आणि १९४६ नंतर ते सामने बंद झाले. खेळ माणसं जोडतो हे खरं, पण संघ कसा पाडला यावर ते ठरतं.

खरे मिश्र संघ आपल्या जिल्ह्यात पहाटे दिसतात. पोलिस भरतीची तयारी करणारी पोरं उजाडायच्या आत मैदानावर आणि कृषी विद्यापीठाच्या रस्त्यांवर धावत असतात. मुलांना सोळाशे मीटर, मुलींना आठशे, वर शंभर मीटर आणि गोळाफेक. तिथे पालमचा धनगराचा पोरगा, पाथरीचा पठाण, पूर्णेचा बौद्ध मुलगा आणि जिंतूरची बंजारा मुलगी एका लायनीत पळतात. एकजण घड्याळ धरतो, दुसरा वेळ ओरडून सांगतो, बूट फाटले तर बूट उसने मिळतात. दुपारी हीच मुलं अभ्यासिकेत एकमेकांच्या सराव पेपरचे गुण मोजतात. जागा एकच असते, स्पर्धा प्रत्येकाची असते, तरी त्यांच्यात जी दोस्ती होते ती नोकरी लागल्यावरही टिकते. कारण तिथे सगळे सारखेच गरजू आणि सारखेच घामेजलेले असतात. या पोरांना कुणी ऐक्याचं भाषण दिलेलं नाही. महाविद्यालयात याच गोष्टी दिवसाउजेडी, पंख्याखाली, पगारी माणसांच्या देखरेखीत करता येतील.

आपल्या राज्यात हे करून दाखवणारी माणसं होऊन गेली आहेत. शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात मराठा, जैन, लिंगायत, मुस्लिम, अस्पृश्य अशा निरनिराळ्या समाजांसाठी वसतिगृहं उभी केली. त्या काळी दुसरा मार्ग नव्हता; मुलाला शहरात छप्परच मिळत नव्हतं. त्याच कोल्हापुरात जैन वसतिगृहात शिकलेल्या भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये काले इथे रयत शिक्षण संस्था स्थापली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात पुढचं पाऊल टाकलं. सगळ्या जातिधर्मांची मुलं एका वसतिगृहात राहतील, मिळून स्वयंपाक करतील, मिळून कष्ट करतील आणि एका पंगतीत जेवतील, असं ते घर होतं. १९२७ मध्ये गांधीजी तिथे आले आणि त्याला छत्रपती शाहूंचंच नाव मिळालं. आधी छप्पर, मग एकत्र चूल. शाहूंच्या कामाचा तो नैसर्गिक पुढचा टप्पा होता.

आज आपण पहिल्या टप्प्यावर थांबलो आहोत. सामाजिक न्याय विभागाची वसतिगृहं वेगळी, आदिवासी विभागाची वेगळी, इतर मागासवर्गीयांची वेगळी, अल्पसंख्याकांची वेगळी, मराठा मुलांसाठी पंजाबराव देशमुख यांच्या नावाचा निर्वाह भत्ता वेगळा. यातली एकही सोय कमी होता कामा नये. सोनपेठहून किंवा पालमहून आलेल्या, आई-बाप ऊसतोडीला गेलेल्या मुलाचं शिक्षण त्या खोलीवर उभं असतं. पण राहण्याची जागा वेगळी असेल, तर निदान दिवसाचं काम तरी एकत्र असायला हवं. ते पाहणं तुमच्याकडे येतं. डॉ. बाबासाहेबांनी १९५० मध्ये औरंगाबादला महाविद्यालय काढलं, जे पुढे मिलिंद झालं, आणि त्याची सूत्रं म. भि. चिटणीस यांच्याकडे दिली. ते दलित समाजातले नव्हते. त्यांनी तिथल्या विद्यार्थ्यांसाठी नाटक लिहिलं. एक प्राचार्य काय करू शकतो, याचा दाखला शोधायला मराठवाड्याच्या बाहेर जावं लागत नाही.

अशा मैत्रीला घरातून विरोध होतो, आणि तो मी हलका लेखत नाही. त्यामागची भीती एका दूरच्या उदाहरणावरून सांगतो. माझे पूर्वज ज्या किनाऱ्यावरून निघाले, त्याच्या समोर, एडनच्या आखातापलीकडे सोमालिया आहे. १९९१ मध्ये तिथलं सरकार कोसळलं, यादवी माजली आणि लाखो माणसं देशोधडीला लागली. आज मिनियापोलिसपासून लंडनपर्यंत त्यांच्या मोठ्या वस्त्या आहेत आणि पुण्यात, हैदराबादेतही सोमाली मुलं शिकायला येतात. परक्या शहरात आपल्या भाषेचे चौघे एकत्र खोली घेतात, एकत्र रांधतात, एकत्र कॉलेजला जातात आणि एकत्र परततात. भाडेकरू म्हणून नकार ऐकून ऐकून ती सवय आणखी घट्ट होते. वडीलधारे सांगतात, बाहेर मिसळलास तर भाषा जाईल, दीन जाईल. मी पुण्यात खोली शोधत फिरलो आहे, आडनाव सांगितल्यावर बदललेला आवाज ऐकला आहे, म्हणून त्यांचं चौघांत मिटून राहणं मला आतून कळतं. परभणीहून पुण्याला गेलेली आपली मराठी पोरंही गाववाल्यांच्याच खोलीत पहिलं वर्ष काढतात. भीती सगळ्यांची एकच असते: बाहेर गेलो तर आपण आपले राहणार नाही.

माझा अनुभव याच्या नेमका उलट आहे. आमच्या लग्नात मरफा वाजतो. लहानपणापासून त्या तालावर नाचलो, पण तो कुठून आला हे मला कधी विचारावंसं वाटलं नाही. माझ्या मित्रानं एका लग्नात विचारलं, ‘हे वाजवणं तुमच्यात कुठनं आलं?’ मला उत्तर देता आलं नाही. घरी येऊन दादीला विचारलं. तिनं हद्रमौतचे खजूर, जहाजं, निजामाची चाकरी, १९४८ ची धास्ती असं सगळं एका रात्रीत सांगितलं. दुसऱ्या समाजातल्या मित्रानं विचारलं नसतं, तर माझ्याच घराचा इतिहास दादीबरोबर गेला असता. त्याच्या घरी वारीला जाणारी आजी आहे. गंगाखेडच्या जनाबाईंबद्दल मी तिच्याकडून ऐकलं. नामदेवांच्या घरी दासी असलेल्या बाईंच्या सोबत्यांत कुंभार, माळी, सोनार, न्हावी, महार सगळे होते, हे तिनं सांगितलं तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की माझ्या जिल्ह्याची सर्वांत मोठी कवयित्री अशा मैत्रीतच वाढलेली आहे.

मुलींचं मात्र जास्त कठीण आहे. मुलगा दुसऱ्या समाजाच्या मित्राच्या मोटारसायकलवर बसला तर घरचे रागावतात आणि विसरतात. मुलगी वर्गातल्या मुलाशी वहीबद्दल बोलली, आणि दोघांची आडनावं वेगळ्या धर्माची असली, तर कुणीतरी मोबाइलवर फोटो काढतं, तो गटागटांत फिरतो, आणि दुसऱ्या दिवशी तिचं शिक्षण बंद होतं. बाहेरची माणसं फाटकाशी येऊन जाब विचारतात. अशा वेळी महाविद्यालयानं गप्प बसायचं नसतं. फोटो काढणाऱ्यावर कारवाई झाली, बाहेरच्यांना फाटकावरच थांबवलं गेलं आणि मुलीच्या पालकांना प्राचार्यांनी स्वतः बोलावून धीर दिला, तर पुढच्या दहा मुलींचं शिक्षण वाचतं. मुलींमुलींची मैत्री तर याहून सोपी आहे आणि घराघरांत पोहोचणारी आहे. एकीची आई दुसरीच्या आईला ओळखू लागली की परवानग्या आपोआप मिळतात. म्हणून पालकसभेत आयांना बोलवा, आणि बसायला खुर्च्या समाजासमाजांच्या रांगांत जाणार नाहीत एवढं पाहा.

भाषेचाही अडसर आहे. उर्दू माध्यमातून आलेली मुलं हुशार असूनही मागच्या बाकावर गप्प बसतात, कारण तोंडातून चुकीचं लिंग, चुकीचा प्रत्यय निघाला की वर्ग हसतो. पहिल्या सत्रात त्यांना रोज थोडा वेळ बोलण्याच्या मराठीचा मिळाला, आणि तो शिक्षकांऐवजी मराठी माध्यमाच्या वर्गमित्रांनी दिला, तर भाषाही सुधारेल आणि दोस्तीही होईल. उलट बाजूनं उर्दू लिपीचाही वर्ग ठेवा. २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती मराठवाड्यात कुणबी नोंदी शोधू लागली, तेव्हा निजामकाळातले उर्दू आणि मोडी कागद वाचणाऱ्यांची गरज भासली. आजोबा-पणजोबांचा कागद हातात आहे, पण तो वाचता येत नाही, अशी अवस्था किती मराठा घरांची होती! ज्या लिपीत त्यांच्या घराचा इतिहास आहे, ती लिपी शेजारच्या बाकावरच्या मुलीला येते. तिनं शिकवावी, त्यांनी शिकावी. दोघांचा दर्जा बरोबरीचा होतो तो असा.

आता माझ्या मागण्या सांगतो. यातल्या एकीलाही शासननिर्णय लागत नाही आणि फारसा पैसाही लागत नाही.

पहिली, प्रात्यक्षिकाच्या आणि प्रकल्पाच्या तुकड्या आडनावांच्या क्रमानं पाडू नका. चिठ्ठ्या टाका किंवा शिक्षकांनी विचारपूर्वक मिश्र तुकड्या करा, आणि त्या किमान एक वर्ष मोडू नका. मैत्रीला वेळ लागतो.

दुसरी, राष्ट्रीय सेवा योजनेचं सात दिवसांचं हिवाळी शिबिर खऱ्या अर्थानं एकत्र होऊ द्या. १९६९ पासून ही योजना चालू आहे आणि तिच्यात भाऊराव पाटलांच्या वसतिगृहाचं बीज आहे. झोपण्याच्या खोल्या, स्वयंपाकाच्या पाळ्या, श्रमदानाचे गट मिश्र असावेत. जेवण सगळ्यांना चालेल असं असावं आणि ते सगळ्यांनी मिळून रांधावं. नमाजाची वेळ, उपवासाचा दिवस आणि बुद्धवंदना या तिन्हींची सोय आधीच विचारून ठेवावी, म्हणजे कुणाला मागताना संकोच वाटणार नाही.

तिसरी, महाविद्यालयाच्या स्पर्धांत समाजाच्या, गावाच्या किंवा गल्लीच्या नावाचे संघ घेऊ नका. संघ चिठ्ठीनं पाडा.

चौथी, स्वतःचं वसतिगृह असेल तर खोल्या ठरवताना मुलांना ‘कुणाबरोबर राहायचं’ असं पहिल्या वर्षी विचारू नका. पहिल्या वर्षी तुम्ही ठरवा, दुसऱ्या वर्षी त्यांना ठरवू द्या. ज्या मुलाला खोलीत जातीवरून त्रास होईल, त्याची तक्रार त्याच दिवशी ऐकली जाईल अशी व्यवस्था मात्र आधी करा. ती नसेल तर एकत्र राहणं कमकुवताला शिक्षा होते.

पाचवी, अभ्यासिका संध्याकाळी सर्वांसाठी उघडी ठेवा, भरतीच्या आणि स्पर्धा परीक्षांच्या मुलांसाठीसुद्धा. घरात एका खोलीत सातजण राहत असलेल्या मुलाला शांत टेबल हवं असतं. त्या टेबलाच्या दुसऱ्या बाजूला कोण बसेल हे त्याच्या मोहल्ल्यानं ठरवू नये.

प्रवेश दरवर्षी होतात. अर्ज भरतात, याद्या लागतात, तुकड्या पडतात. त्या आठ-दहा दिवसांत परभणीच्या हजारो मुलांचे पुढच्या पाच वर्षांचे शेजारी ठरून जातात, आणि बहुतेकदा ते कुणी विचार न करता ठरतात. मला माझा मित्र वर्णाक्षरांच्या कृपेनं मिळाला. पुढच्या मुलांना तो नशिबावर सोडू नका. येत्या जूनमध्ये यादीवर सही करण्यापूर्वी ती एकदा वाचा, कुणाशेजारी कोण बसणार आहे ते पाहा, आणि मग बदला. ही यादी बदलण्याचा अधिकार आमच्या जिल्ह्यात तुमच्याशिवाय कुणाकडेही नाही.

आपला नम्र,
परभणीतील एक माजी विद्यार्थी